खावचो नाय तर गरवतंस कित्याक?

काकांच्या गरीला काठी नव्हती. पंजाएवढा लाकडाचा चपटा तुकडा, त्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, टोकाला शिशाची गोळी आणि तिच्या वर वीतभर अंतरावर बांधलेली गरी. सगळं मिळून शर्टाच्या खिशात मावायचं. मे महिन्यात आम्ही मुंबईहून देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की भरती लागायच्या सुमारास काका मला खाडीच्या धक्क्यावर घेऊन बसायचे. गरीने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. पिशवीत सोललेली कोळंबी असायची, काळुंदर या माशासाठी कणकेच्या गोळ्या वेगळ्या. तंगूस पाण्यात सोडायचा, तर्जनीवर हलकेच घ्यायचा आणि गप्प बसायचं. खाली काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. आधी एक टिचकी. "थांब, चाखता हा," काका म्हणायचे. मग दुसरी टिचकी. मग एकदम हिसका बसायचा आणि तंगूस बोटात रुतायचा.

तो पहिला हिसका मी विसरलेलो नाही. आठ वर्षांचा होतो. पाण्याखालून कुणीतरी माझा हात ओढत होतं आणि जे ओढत होतं ते जिवंत होतं. अंगावर काटा आला होता. पुढच्या पस्तीस-चाळीस वर्षांत मी जेवढे मासे धरले, ते त्या एका हिसक्यासाठी. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते गरी कधी हातात न धरलेल्या माणसाचं लिहिणं नाही.

मासा वर आला की काका त्याला ओल्या गोणपाटावर धरायचे आणि लाकडी दांडक्याचा एक ठोका डोळ्यांच्या मागे, डोक्यावर घालायचे. मासा एकदा थरथरायचा आणि संपायचा. मगच ते गरी काढायचे. शेजारी बसलेल्यांचे मासे डब्यात उड्या मारत पडलेले असत, काकांचे कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तळमळत ठेवचो नाय." आणि पाच-सहा मासे झाले की ते तंगूस गुंडाळायला लागायचे. ऐन भरती असायची, मासा लागत असायचा, मी रडकुंडीला यायचो. "कालवणाक झाले," एवढं बोलून ते उठायचे. त्यांना गरवायला आवडत नव्हतं असं नाही. हिसका बसला की त्यांचाही चेहरा उजळायचा. पण घरात किती माणसं जेवायला आहेत, त्यावर त्यांचा आनंद थांबायचा.

नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि काही वर्षांनी हौशी मंडळींच्या एका गटात सामील झालो. शनिवारी रात्री गाड्या काढायच्या, पहाटे एखाद्या धरणाच्या फुगवट्यावर पोचायचं. आता माझ्याकडे रॉड होता, रील होतं, केसाएवढी बारीक पण दहा किलोचं वजन पेलणारी विणलेली दोरी होती. आमिष म्हणून रंगीत प्लास्टिकचे मासे. गटाचा नियम एकच आणि कडक: पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला हात लावायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघाला की तिथे बुरशी धरते. मला हे सगळं फार आवडलं. काकांपेक्षा मी एक पायरी वर आलोय असं मनापासून वाटायचं. ते मारत होते, मी तर जीव परत देत होतो.

एका गणपतीत गावी गेलो तेव्हा काकांना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून एक महसीर, नदीतला मोठा मासा, बराच वेळ पाहिला.

"केवढो हा रे! कोणाकोणाक वाटलंस?"

"वाटूक नाय. सोडलंय तेका."

"सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

मी सांगायला लागलो. हा खेळ आहे, जगभर खेळतात, मासा मरत नाही, उलट नदीचं भलं होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खावचो नाय तर गरवतंस कित्याक?" आणि थोड्या वेळाने, फोन माझ्या हातात परत देताना, "आणि माशाक काय गावला?"

मी तेव्हा मनात म्हटलं, जुनं माणूस आहे, त्यांना नाही कळणार.

पुढच्या वर्षी एप्रिलअखेर मावळातल्या एका धरणावर होतो. पाणी खाली गेलेलं, काठाची माती तडकलेली. सकाळी नऊच्या सुमारास माझ्या दोरीला मोठा मासा लागला. सगळे धावत आले. "खेळव, खेळव, घाई करू नको." मोठा मासा थेट ओढला तर दोरी तुटते. म्हणून त्याला पळू द्यायचं, दमला की ओढायचं, पुन्हा पळू द्यायचं. याला मासा खेळवणं म्हणतात. मी त्याला अठरा मिनिटं खेळवलं. हा आकडा नेमका आठवतो कारण एकाने वेळ लावली होती आणि तो दर मिनिटाला ओरडून सांगत होता. माझे खांदे भरून आले होते, तोंडाला कोरड पडली होती, आणि मी आनंदात होतो.

काठाशी आला तेव्हा दिसलं, सहा-सात किलोचा महसीर. पाठीवर तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग, एकेक खवला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. प्लास्टिकच्या माशाला तीन आकड्यांचा गळ होता. त्यातला एक त्याच्या ओठात होता आणि दुसरा, झटापटीत कधीतरी, कल्ल्याच्या लाल झालरीत अडकला होता. काटा सपाट केलेला असूनही तो निघेना. मी दोन बोटं कल्ल्याखाली घातली तेव्हा रक्त मनगटापर्यंत आलं. आम्ही माशाला ओल्या गादीवर ठेवलं, मोजलं. मग फोटो. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा. दुसऱ्याच्या फोनमध्ये तिसरा. माशाला पापणी नसते. तो डोळा उघडाच असतो, त्यात काय आहे ते वाचता येत नाही, आणि मी ते वाचायचा प्रयत्नही केला नाही. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो.

सोडताना सगळं शिकल्याप्रमाणे केलं. दोन्ही हातांनी सरळ धरून पाण्यात तोंड पुढे करून उभा ठेवला. कल्ले हलायला लागले. शेपटीने एक फटका मारला आणि तो खोल पाण्यात गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभराने मी डबा धुवायला पलीकडच्या कोपऱ्यात गेलो. काठापासून पाच-सहा हातांवर पांढरं काहीतरी तरंगत होतं. पोट वर आलेलं. मला वाटलं मेलाय. गुडघाभर पाण्यात जाऊन जवळून पाहिलं तर कल्ले अजून मिटत-उघडत होते, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. मी त्याला सरळ केलं. हात काढला की तो पुन्हा उलटा व्हायचा. असं चार-पाच वेळा केलं. वर एक घार फिरायला लागली होती. गटातला एकजण आला, बघून म्हणाला, "एवढ्या उन्हात होतं असं कधी कधी. पाण्यात हवा कमी असते." मासा घरी न्यायचा नाही हा नियम, म्हणून त्याला कुणी बाहेरही काढलं नाही. माझ्या हाताशी काकांचं दांडकं नव्हतं. खरं म्हणजे दगड होते, पुष्कळ होते. मी तो ठोकाही घातला नाही. तो तसाच तळमळत ठेवून आम्ही साडेअकराला गाड्या काढल्या.

त्यानंतर मी वाचायला बसलो. माशाला दुखतं का? स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या रॉसलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउटवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. माशाच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर सापडलेल्या ५८ संवेदनाबिंदूंपैकी २२ इजा ओळखणारे निघाले. मग काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष टोचलं, काहींच्या ओठांत व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल. त्या माशांचा श्वास वाढला. तळाशी बसून ते डावी-उजवीकडे डुलायला लागले. आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ खड्यांवर आणि टाकीच्या भिंतीवर घासले. सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. आणि मॉर्फिन दिल्यावर हे डुलणं, घासणं कमी झालं. ओठ खड्यावर घासणारा तो मासा मी डोक्यातून काढू शकलो नाही. दाढ दुखते तेव्हा आपण गाल दाबून धरतो, तसंच ते वाटलं.

यावर वाद आहेच. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठातले जेम्स रोझ यांनी त्याच्या आदल्या वर्षीच लिहिलं होतं की वेदना जाणवायला मेंदूचा जो बाहेरचा थर लागतो तो माशाला नाही, त्यामुळे इजेला त्याचं शरीर प्रतिसाद देतं, पण 'दुखणं' त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे मी प्रामाणिकपणे दोनदा वाचलं. पण तो थर आपल्यासारखा पक्ष्यांनाही नसतो, आणि पिंडाला शिवायचं की नाही हे ठरवणाऱ्या कावळ्याला काही कळत नाही असं म्हणायची माझी तयारी नाही. शिवाय मला एक साधी गोष्ट खटकली. अठरा मिनिटं तो मासा माझ्या उलट दिशेला ओढत होता. ओढलं की गळ आणखी रुततो, आणि दुखणं वाढेल असा जोर कुणी लावत नाही, म्हणून त्याला दुखत नसणार, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. काय आहे ते त्याला कळत नव्हतं, पण जे होतं त्यापासून लांब जायला तो अंगातली शेवटची ताकद लावत होता. त्याच्या स्नायूंत आम्ल साचत होतं, उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, आणि शेवटी जेव्हा त्याला सर्वांत जास्त श्वास हवा होता तेव्हा मी त्याला हवेत धरून हसत होतो.

आपल्या भाषेला तर याची शंका कधी आलेलीच नाही. जिवाची तगमग सांगायची झाली की आपण पाण्याबाहेरच्या माशाची तडफड म्हणतो. कीर्तनकार विरह सांगताना मासोळीची तळमळ सांगतात आणि समोरच्या आजीच्या डोळ्यांत पाणी येतं. एखाद्याला 'आमिष दाखवलं', तो 'गळाला लागला' असं म्हणतो तेव्हा आपली सहानुभूती कुणाकडे असते? गळ टाकणाऱ्याकडे कधीच नाही. शब्दांत आपण पिढ्यान्‌पिढ्या माशाच्या बाजूने उभे आहोत.

कायद्यातही तो प्राणीच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. अकराव्या कलमात क्रूरतेची यादी आहे, तिची सुरुवातच अनावश्यक वेदना देण्यापासून होते. अन्नासाठी मारायला सूट आहे, पण तिथेही अनावश्यक यातना नकोत अशी अट आहे. काकांनी हे कलम वाचलेलं नाही, पण त्यांचा तो एक ठोका बरोबर या अटीत बसतो. माझा महसीर कशात बसतो? तो अन्नासाठी नव्हता. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ती वेदना आवश्यक होती का. कुणाला आवश्यक? या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. माझा एक प्लास्टिकचा मासा साडेसातशेचा होता.

बैलगाडा शर्यतींवरून आपण महाराष्ट्रात किती वर्षं भांडलो. २०१४ ची बंदी, २०२१ च्या डिसेंबरातली सशर्त परवानगी, २०२३ चा घटनापीठाचा निकाल, प्रत्येक वेळी घराघरांत दोन तट पडले. माशासाठी असं कधी कुणी बोललं नाही. मासा ओरडत नाही, हे त्याचं एक मोठं कारण असावं.

जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हा विचार कायद्यापर्यंत पोचला आहे, आणि तो वाचताना मी चकित झालो, कारण तो शब्दशः काकांचा विचार आहे. जर्मन कायदा म्हणतो, सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येणार नाही. खाण्यासाठी मासा धरणं हे कारण चालतं. नुसतं पकडून सोडण्यासाठी गळ टाकणं चालत नाही. तिथे गळ टाकण्याचा परवाना परीक्षेशिवाय सहसा मिळत नाही, आणि मासा चटकन कसा मारायचा हे त्यासाठी शिकावं लागतं. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत सोडून देण्याच्याच हेतूने मासेमारी करण्यावर बंदी आणली. म्हणजे ज्या नियमाचा मला अभिमान होता, पकडा आणि सोडा, तोच तिथे गुन्हा ठरला, आणि ज्या काकांना मी जुनं माणूस म्हणून मनातल्या मनात बाजूला सारलं होतं ते या नव्या कायद्याच्या आधीच तिथे पोचले होते.

सोडून देणं इतकं दयाळू दिसतं की त्यातली खोच लवकर लक्षात येत नाही. खाणाऱ्याला टोपाची मर्यादा असते. पाच मासे झाले की कालवण झालं. सोडणाऱ्याला मर्यादाच नाही. मी एका रविवारी बावीस मासे धरून सोडले आहेत. खायचे असते तर बावीस कधीच धरले नसते, आधीच उठलो असतो. सोडण्याच्या सोयीने मला तो आठ वर्षांच्या मुलाचा हिसका दिवसाला बावीस वेळा मिळत होता, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवाच्या आकांताने ओढत होतं. काकांचाही आनंद त्याच हिसक्यात होता, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की त्यांच्यासाठी तो वाटेत भेटलेला आनंद होता. मी दुसऱ्या कशासाठी गेलोच नव्हतो. एखाद्याची भीती हीच माझी करमणूक असेल तर तिला क्रूरता म्हणायला मी आता कचरत नाही.

पण एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही, आणि ती कावेरीची आहे.

कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोर इथे अनेक वर्षं गळ टाकणाऱ्यांची शिबिरं होती. कुबडासारखी उंच पाठ असलेला तिथला महसीर जगात नावाजलेला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा मासा धरला होता. देशोदेशीची माणसं येत, पैसे मोजत, मासा धरून सोडत. त्या पैशातून काठावरच्या गावांतल्या माणसांना पगार मिळे. त्यातले काही पूर्वी याच नदीत चोरून मासे मारणारे होते. पाण्यात जिलेटिनचा स्फोट करायचा आणि वर आलेले सगळे मासे, लहान-मोठे, गोळा करायचे, अशी ती पद्धत. आता तेच पहारा देत होते. २०१२ च्या सुमारास अभयारण्यातली ही शिबिरं वन्यजीव कायद्यामुळे बंद झाली. शिबिरांबरोबर पहाराही गेला, आणि चोरटी मासेमारी पुन्हा वाढल्याची तक्रार तिथे काम करणाऱ्या संशोधकांनीच केली.

एवढंच नाही. गालिबोरला १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. त्या वह्या तपासल्यावर कळलं की महसीरांची एकूण संख्या वाढत असली तरी कुबड्या महसीर नाहीसा होत चालला होता, आणि त्याच्या जागी निळसर परांचा दुसरा महसीर येत होता. हा दुसरा आपला. १८३९ साली कर्नल साईक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं होतं. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार होऊन देशभर वाटली गेली, चांगल्याच हेतूने, आणि कावेरीतही गेली. तिथे ती परकी होती. कुबड्या महसीराचं शास्त्रीय नाव कोणतं, हे २०१८ मध्ये नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. गळ टाकणाऱ्यांच्या वह्या नसत्या तर हा मासा गुपचूप गेला असता, कुणाला पत्ताही लागला नसता.

मी या गोष्टीपुढे मान खाली घालतो. हजार माशांच्या ओठाला भोक पडलं आणि एक नदी राखली गेली, तर त्या भोकाचं काय करायचं? नदीकाठच्या माणसाला गळाशिवायही पगार मिळायला हवा, हे म्हणणं सोपं आहे. तो कुणी देत नव्हतं, हे खरं आहे. तिथे राहून, उन्हापावसात पहारा देऊन ज्यांनी हा हिशोब केला त्यांना मी क्रूर म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. त्या एप्रिलमध्ये मावळात आम्ही कशाचाही पहारा देत नव्हतो. वही नव्हती, पगार नव्हता, वाचवायची नदी नव्हती. कावेरीचं नाव मी वादात पुढे करायचो ते स्वतःच्या रविवारला झाकण्यासाठी.

मित्र विचारतात, बाजारातला पापलेट कसा मरतो हे बघितलंस का? बघितलंय. ट्रॉलरच्या जाळ्यात हजारो मासे एकमेकांखाली चेपून, गुदमरून मरतात, काही बर्फावर पडल्यानंतरही हलत असतात. माझा महसीर त्यापुढे काहीच नाही. मी मासे खाणं सोडलेलं नाही, आणि ही गोष्ट मला टोचते. पण मोठ्या गुन्ह्याकडे बोट दाखवून लहान गुन्हा धुऊन निघत नाही. ट्रॉलर थांबवणं माझ्या हातात नव्हतं. रॉड माझ्याच हातात होता.

गेल्या हिवाळ्यात वाडा तालुक्यात तिळसे गावी गेलो होतो. वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे, आणि तिथल्या डोहातले महसीर देवाचे मानतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीलाही तसंच, वरदायिनीच्या डोहात कुणी गळ टाकत नाही. मी कुरमुरे घेऊन पायरीवर बसलो. पाणी हिरवट होतं, काही दिसत नव्हतं. मूठभर टाकले आणि खालून सावल्या वर आल्या. तोच तांब्याचा रंग, तेच मोठे खवले. तोंडं उघडून ते कुरमुरे ओढून घेत होते, एकाने माझ्या बोटाच्या टोकालाही तोंड लावलं. दात नसलेलं, मऊ, गार तोंड. तिथेच, ओठाच्या त्याच जागी, मी गळ रोवत होतो. मी बराच वेळ बोट पाण्यात तसंच ठेवलं. गळाशिवाय इतक्या जवळून मी महसीर कधी पाहिलाच नव्हता.

रॉड आणि रील गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. विकलं नाही, कारण विकलं तर ते दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार.

या मे महिन्यात गावी होतो. पुतण्याची मुलगी आठ वर्षांची आहे. तिने काकांच्या खोलीत तो लाकडी तुकडा शोधून काढला आणि हट्ट धरला. काका आता ब्याऐंशीचे, धक्क्यापर्यंत चालवत नाही. मला म्हणाले, "ने तिका." मी दांडकं आणि गोणपाटही बरोबर घेतलं. कणकेची गोळी लावली, तंगूस तिच्या बोटावर ठेवला. टिचकी बसली तशी तिने श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. मग हिसका. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, पण मला तो ओळखीचा होता.

काळुंदर होता, तळहाताएवढा. गोणपाटावर घेतला. तिने दांडकं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"मारणार?"

"खायचा असेल तर मारावा लागतो."

"मला नको खायला. सोड ना. आजोबा, सोड त्याला."

मी हात ओले केले, गरी ओठातून उलटी फिरवून काढली आणि त्याला पायरीवरून पाण्यात ठेवलं. तो एका क्षणात दिसेनासा झाला. तिने दीर्घ श्वास टाकला, टाळी वाजवली आणि पिशवीतून दुसरी कणकेची गोळी काढून माझ्यापुढे धरली.

"आता परत लाव."

मी गोळी तिच्या हातातून घेतली, चुरून पाण्यात टाकली. खालून दोन-तीन काळुंदरं लगबगीने वर आली. ती वाकून बघायला लागली. भरती अजून चढत होती. मी तंगूस लाकडाला गुंडाळायला घेतला.

घरी पोचलो तेव्हा काका खळ्यात खुर्चीवर बसले होते. "काय गावला?" त्यांनी विचारलं, आणि ती त्यांच्या मांडीवर हात ठेवून सांगायला लागली.